वाचकांचे प्रश्न: निगाताच्या बर्फातल्या साके ब्रुअऱ्या

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निगाता प्रांतात साकेच्या, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्याच्या, सुमारे ९० ब्रुअऱ्या आहेत, म्हणजे जपानातल्या कुठल्याही प्रांतापेक्षा जास्त. तिथे हिवाळ्यात जाऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: जानेवारीच्या अखेरीस तोक्योहून दोन दिवस काढता येतील. गाडी चालवणार नाही. यादी करायला बसलो तर वीस नावं झाली. सुरुवात कुठून करावी? (तोक्यो)

यादी फाडा आणि रेल्वेचा नकाशा उघडा. निगातातल्या ब्रुअऱ्या डोंगर, खोरी, किनारा आणि सादो बेट अशा विखुरलेल्या आहेत. नावाच्या मागे लागलात तर दोन दिवस फलाटावर जातील. त्याऐवजी एकच मार्ग धरा: एचिगो-युझावा ते नागाओका.

तोक्योहून जोएत्सु शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने एचिगो-युझावा साधारण ८० मिनिटांवर आहे. स्टेशनच्या आतच ‘पोन्शुकान’ आहे. ५०० येन दिले की पाच टोकन आणि एक छोटा कप मिळतो. भिंतीवर शंभरच्या आसपास नळांची यंत्रं आहेत, प्रांतातल्या बहुतेक ब्रुअऱ्यांची एकेक साके तिथे असते. कप खाली ठेवायचा, टोकन टाकायचं, बटण दाबायचं. काही महागड्या साकेला एकापेक्षा जास्त टोकन लागतात, तो आकडा यंत्रावर लिहिलेला असतो. शेजारी चाखायला वेगवेगळी मिठं आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) ठेवलेलं असतं. पहिल्या दिवशी इथे पाच कप घेऊन आपल्याला काय आवडतं ते ठरवा आणि मग पुढे निघा. उलट केलंत तर प्रत्येक ब्रुअरीत सगळंच छान लागतं आणि काहीच लक्षात राहत नाही.

युझावाहून जोएत्सु मार्गाची साधी लोकल धरा. शिओझावा स्टेशनपासून चालत ‘बोकुशी-दोरी’ हा जुन्या धाटणीचा रस्ता लागतो. १८३७ साली इथल्या बर्फाळ जगण्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या सुझुकी बोकुशी यांचं नाव त्याला आहे. दोन्ही बाजूंना छपराखालचा पदपथ असल्याने बर्फातही चालता येतं. ‘काकुरेई’ करणारी १७१७ सालची आओकी शुझो ही ब्रुअरी याच रस्त्यावर आहे. पुढे मुइकामाची किंवा उरासाला उतरून टॅक्सीने साधारण १५ मिनिटांत ‘उओनुमा नो सातो’. हा हाक्काइसान ब्रुअरीचा परिसर आहे, तिथलं बर्फघर चुकवू नका (त्याबद्दल खाली). मुक्काम नागाओकाला करा.

दुसऱ्या दिवशी नागाओकाच्या अलीकडच्या मियाउची स्टेशनवर उतरा. दहा-एक मिनिटं चाललं की सेत्ताया. साके, मिसो आणि सोया सॉस असे सगळे आंबवण्याचे धंदे एकाच वस्तीत आहेत. १५४८ साली सुरू झालेली योशिनोगावा ही निगातातली सर्वांत जुनी ब्रुअरी इथलीच, तिचं छोटं संग्रहालय आणि चाखण्याची जागा आहे. किना साफ्रानशु या जुन्या पेढीच्या कोठारावरचं रंगीत गिलाव्याचं नक्षीकाम बघायला वाट वाकडी करावी.

दोन दिवसांत तीन ब्रुअऱ्या पुरेत. चौथीपर्यंत जीभ थकते. वेळापत्रकात एका लोकलची उसंत ठेवा. लोकल तासाला एखादीच असते आणि जोराच्या बर्फात रद्दही होते. शिंकान्सेनच्या रुळांवर पाणी फवारून बर्फ वितळवतात म्हणून ती सहसा धावत राहते. ‘तोक्यो वाइड पास’ हा रेल्वेचा पास काढला असेल तर तो युझावापर्यंतच चालतो, पुढच्या लोकलचं तिकीट वेगळं घ्या.

प्रश्न: हिवाळा हाच साके करण्याचा हंगाम. मग ब्रुअरीच्या संकेतस्थळांवर नेमकं याच दिवसांत ‘आत प्रवेश नाही’ असं का असतं? (ठाणे)

हंगाम आहे म्हणूनच. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत काम अखंड चालतं, माणसं थोडी असतात, आणि बाहेरचा माणूस म्हणजे बाहेरचे जंतू.

सगळ्यात नाजूक जागा कोजीची, म्हणजे बुरशी वाढवलेल्या भाताची, खोली. वाफवलेल्या भातावर कोजी बुरशीचे बीजाणू भुरभुरून तो भात सुमारे ३० अंशांच्या उबदार खोलीत दोन दिवस ठेवतात. बुरशी वाढते तशी भाताची स्वतःची उष्णता ४० अंशांच्या वर जाते. ती सावरण्यासाठी रात्रीअपरात्री उठून भात उलथावा, पसरावा लागतो. या उबेत दुसरा जंतू शिरला तर तोही तितक्याच जोमाने वाढतो. नात्तो, म्हणजे जपानी न्याहारीतले ते चिकट आंबवलेले सोयाबीन, ज्या जिवाणूमुळे होतात तो उकळीलाही दाद देत नाही. कोजीत शिरला तर भात बुळबुळीत होतो आणि सगळी खेप टाकावी लागते. म्हणून भेटीच्या सकाळी नात्तो खाऊ नका, हॉटेलच्या न्याहारीत समोर आला तरी. अत्तर-परफ्यूमही नको.

कामाची जागा बघायची असेल तर एक-दोन आठवडे आधी लिहून विचारा. ईमेल जपानीत असेल तर उत्तर लवकर येतं, भाषांतराच्या ॲपने केलेलं साधं पत्र चालतं. किती जण, कोणत्या भाषेत, कोण पिणार नाही, हे त्यात असू द्या. वेळ सकाळी दहानंतरची मागा, कारण तांदूळ वाफवण्याची धांदल पहाटेपासून सुरू असते. वर्षअखेर आणि नववर्षाचे दिवस बहुतेक ठिकाणी बंद.

सगळ्याच ब्रुअऱ्या दार उघडत नाहीत. ‘कोशी नो कानबाई’ या गाजलेल्या साकेची ब्रुअरी पर्यटकांसाठी नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट निगाता शहरात स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवरची १७६७ सालची इमायो त्सुकासा नियमित फेऱ्या काढते, इंग्रजीतूनही. पहिलीच ब्रुअरी बघत असाल तर हीच सोयीची.

प्रश्न: ‘बर्फामुळे साके चांगली होते’ असं प्रत्येक माहितीपत्रकात असतं. हे खरं की जाहिरात? (नाशिक)

बरंचसं खरं आहे, पण कारणं वेगवेगळी आहेत आणि माहितीपत्रकं ती एकाच वाक्यात कोंबतात.

सैबेरियाहून येणारा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि एचिगोच्या (हे निगाताचं जुनं नाव) डोंगरांवर आपटून बर्फ टाकतो. युझावा, तोकामाची, त्सुनान भागात दोन-तीन मीटर थर साचणं ही नेहमीची गोष्ट. या थराखाली दबलेल्या इमारतीत तापमान दिवसरात्र फारसं हलत नाही. गारव्यापेक्षा हे स्थैर्य साकेला जास्त उपयोगी. साकेच्या पिंपात दोन कामं एकाच वेळी चालतात. कोजी तांदळातल्या पिठुळाची साखर करत असते आणि यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल. द्राक्षाच्या वाइनमध्ये साखर आधीच तयार असते, बिअरमध्ये ती आधी करून घेतात. इथे दोन्हींचा वेग जुळवावा लागतो. उकाडा वाढला की यीस्ट उधळतं, लवकर दमतं आणि चव जाड, आंबट होते. साध्या साकेचं पीप १५ अंशांच्या आसपास, तीनेक आठवडे. गिंजो प्रकारची सुवासिक साके १० अंशांच्या आसपास, महिना किंवा जास्तच. वातानुकूलन येण्याआधी इतकी थंडी फुकट मिळत होती ती अशाच प्रदेशात.

तांदूळही पिंपात एका दमात टाकत नाहीत. पहिल्या दिवशी थोडा, दुसरा दिवस विसावा, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी वाढत्या मापाने. सगळा एकदम टाकला तर यीस्ट पातळ पडतं आणि नको ते जंतू बाजी मारतात.

दुसरी गोष्ट पाणी. डोंगरात मुरलेलं बर्फाचं पाणी इथे मृदू असतं, त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फरस कमी. हे यीस्टचं खाद्य असल्याने आंबणं सावकाश होतं. कोबेजवळच्या नादाचं पाणी त्यापेक्षा कठीण, तिथली साके अधिक ठसठशीत. निगाताची हलकी, स्वच्छ, कोरडी चव पुष्कळशी या पाण्यातून येते. पण सगळं पाणी चालत नाही. लोहाचं प्रमाण लिटरमागे ०.०२ मिलीग्रॅमच्या वर गेलं की साके पिवळट होते आणि वास बिघडतो. नागाओकाचे रस्ते तांबूस दिसतात ते तिथल्या भूजलातल्या लोहाने. बर्फ वितळवायला रस्त्यात बसवलेल्या नळ्यांतून हेच पाणी फवारतात. त्याच गावात उत्तम साके होते, कारण ब्रुअरी विहिरीची जागा आणि खोली बघून घेते.

तिसरं, माणसं. बर्फाने शेत चार-पाच महिने बंद, म्हणून शेतकरी हंगामापुरते साके करायला बाहेर पडत. एचिगोचे ‘तोजी’, म्हणजे मुख्य कारागीर, हा जपानातल्या तीन मोठ्या घराण्यांपैकी एक. इथल्या साकेचं श्रेय निम्मं तरी या नाइलाजाला द्यावं लागेल.

चौथा उपयोग नवा आहे: साठवण. हाक्काइसानने २०१३ साली बांधलेल्या बर्फघरात दर हिवाळ्याच्या शेवटी १००० टन बर्फ भरतात आणि त्याच छपराखाली साकेच्या टाक्या असतात. विजेच्या शीतयंत्राशिवाय आतलं तापमान वर्षभर ४ अंशांच्या आसपास राहतं. ऑगस्टमध्ये गेलात तरी बर्फाचा ढीग समोर दिसतो.

राहिली जाहिरात. ‘शुद्ध हवेमुळे’ हे वाक्य वाचलं की त्यावर पुरता विश्वास ठेवू नका. बर्फ हवेतली धूळ खाली बसवतो एवढं खरं, पण आजची कोजी बंद खोलीत गाळलेल्या हवेत होते.

प्रश्न: लेबलवरच्या आकड्यांवरून चव ओळखता येते का? (कोल्हापूर)

थोडीफार. टक्केवारी दिसते ती तांदूळ सडून उरलेल्या भागाची. ६० म्हणजे दाण्याचा ४० टक्के भाग कोंडा-पीठ म्हणून गेला. ६० किंवा कमी असेल तर गिंजो, ५० किंवा कमी असेल तर दाइगिंजो म्हणता येतं. बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, ते गेले की चव हलकी आणि फळांसारखा वास येतो. ‘जुनमाई’ असेल तर वरून अल्कोहोल घातलेला नाही. वरून घातला म्हणजे भेसळ, असं नाही. होंजोझो प्रकारात तो अगदी थोडा असतो, वास उठावदार होतो, आणि निगाताच्या रोजच्या पिण्यातल्या कितीतरी उत्तम साके तशाच आहेत.

अधिक-उणे चिन्हाचा आकडा गोडी-कोरडेपणाचा: अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोड. एकट्या त्याच्यावर विसंबू नका. आम्लता जास्त असेल तर +२ सुद्धा +६ इतकी कोरडी लागते.

तांदळाचं नाव दिसलं तर बघा. ‘गोह्याकुमानगोकु’ हा निगाताचा वाण, १९५७ साली हे नाव मिळालं. त्याचा पांढरा गाभा मोठा असल्याने ५० टक्क्यांच्या खाली सडला की दाणा फुटतो. म्हणून त्याचा यामादा निशिकी या साकेच्याच तांदळाशी संकर करून २००४ मध्ये ‘कोशी तानरेई’ आणला, तो ४० पर्यंत टिकतो. कमी टक्का म्हणजे जास्त चांगली, हा मात्र दुकानदाराच्या सोयीचा समज. जेवणाबरोबर ६०-६५ टक्क्यांची साके बहुधा जास्त जुळते.

प्रश्न: आम्ही दोघे शाकाहारी आणि पत्नी मद्य घेत नाही. जाण्यात अर्थ आहे का? (पुणे)

आहे. साकेत तांदूळ, कोजी, पाणी आणि कधी अल्कोहोल, एवढंच. एक बारकावा: गढूळपणा खाली बसवायला काही ठिकाणी जिलेटिन वापरतात. ते गाळात जातं, पण तुम्ही काटेकोर असाल तर ब्रुअरीला विचारा. खरी अडचण सोबतच्या खाण्याची. भाजीच्या वाटीतही दाशी, म्हणजे माशाचं पातळ सार, असतं. लोणची, मीठ, मिसो लावलेली काकडी यांवर भागवा, आणि लोणच्याबद्दलही विचारून घ्या. म्योकोकडची ‘कानझुरी’ मागून बघा: मिरच्या बर्फावर पसरून मग मीठ, युझू (लिंबासारखं फळ) आणि कोजीबरोबर वर्षानुवर्षं मुरवलेली चटणी. आपल्या जिभेला ही लगेच पटते.

पत्नीसाठी आमाझाके. पण दोन प्रकार आहेत. नुसत्या कोजीचं आमाझाके गोड पेजेसारखं असतं, त्यात अल्कोहोल नाही, उओनुमा नो सातोत मिळतं. दुसरं साकेच्या चोथ्यापासून करतात. त्या चोथ्यात ८ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल राहतो आणि पेयात त्याचा अंश उतरतो. मागताना ‘कोजी?’ एवढं विचारलं तरी कळतं.

प्रश्न: भाड्याची गाडी घेतली आणि थोडीशीच चाखली तर? (बंगळुरू)

नाही. श्वासाच्या एका लिटर हवेत ०.१५ मिलीग्रॅम अल्कोहोल सापडला की गुन्हा, आणि चालकाला पाजणारा व जाणूनबुजून शेजारी बसणाराही अडकतो. म्हणूनच ब्रुअऱ्या आधी ‘गाडी कोण चालवणार?’ विचारतात. सायकललाही २०२४ च्या नोव्हेंबरपासून कडक शिक्षा आहे. १८० मिलिलिटर साके उतरायला चार-पाच तास धरा, कोणाकोणाला जास्तही. शिवाय बर्फातली गाडी हा वेगळा विषय. चाखण्याचं वय २० पूर्ण, पासपोर्ट जवळ ठेवा.

पायात काय घालायचं हे कोणी विचारलं नाही, पण सांगतो. नुसते उबदार बूट पुरत नाहीत, पाणी न शिरणारे उंच बूट हवेत. वर सांगितलेल्या फवाऱ्यांमुळे रस्त्यावर घोटाभर बर्फाळ पाणी असतं आणि जाणारी गाडी ते अंगावर उडवते. छपराच्या कडेखालून चालू नका, वरचा बर्फ एकदम घसरतो.

प्रश्न: पुण्याला किती बाटल्या आणता येतील? मागच्या वेळी आणलेली साके महिन्याभरात पिवळी झाली. (पुणे)

प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. नेहमीची बाटली ७२० मिलिलिटरची. अशा दोन आणि एक ३०० ची मिळून १.७४ लिटर, वर १८० चा एक छोटा ग्लास बसतो. मोठी १.८ लिटरची एकच आणली तरी बसते, पण ती बॅगेत सगळ्यात लवकर फुटते. तीन ७२० म्हणजे २.१६ लिटर: वरच्यावर भरमसाट शुल्क. बाटल्या चेक-इन बॅगेतच, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध. महाराष्ट्रात मद्य बाळगायला-प्यायला परवाना लागतो, तोही काढून ठेवा.

पिवळेपणाचं कारण बहुधा ऊन किंवा उकाडा. किंवा ती ‘नामा’ असावी. बहुतेक साके सुमारे ६५ अंशांपर्यंत दोनदा तापवतात, एकदा साठवताना आणि एकदा भरताना, म्हणजे कोजीची विकरं थांबतात आणि जंतू मरतात. हिवाळ्यात ब्रुअरीत मिळणारी ताजी, जिभेवर चुरचुरणारी साके पुष्कळदा न तापवलेली, म्हणजे नामा असते. ती ५ अंशांच्या आत ठेवावी लागते. विमानप्रवास आणि मुंबईचा उकाडा यांत ती गढूळ होते, वास बदलतो. ती तिथेच प्या. बाटली घेताना ‘नामा?’ विचारा, ‘हाय’ (हो) म्हणाले तर परत ठेवा.

घरी आल्यावर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये उभी ठेवा. प्रकाशानेही वास बिघडतो, विशेषतः पारदर्शक किंवा निळ्या बाटलीत. उघडल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात संपवा.

प्रश्न: गरम करून प्यायची की थंड? (इंदूर)

सुवासिक गिंजो १० अंशांच्या आसपास. होंजोझो आणि जुनमाई ४० ते ४५ अंशांवर खुलतात. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, १८० मिलिलिटर साके भरलेली सुरई मानेपर्यंत बुडवा. अडीच-तीन मिनिटांत बूड हाताला छान गरम लागलं की काढा. गॅसवर थेट ठेवली तर अल्कोहोलचा उग्र वाफारा येतो, मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग कढत आणि तळ गार राहतो. जेवढी साके तेवढंच पाणी शेजारी ठेवून मधूनमधून प्या.

प्रश्न: इंद्रायणी किंवा आंबेमोहोराची साके होईल का? (मावळ)

साकेच्या तांदळाचा दाणा मोठा, प्रथिनं कमी आणि मध्ये पांढरा, भुसभुशीत गाभा. कोजीचे धागे त्या गाभ्यात शिरतात. आपले वाण त्या कामासाठी निवडलेले नाहीत. लांबट, मोकळा शिजणारा भात तर गार झाला की पुन्हा ताठरतो आणि पिंपात नीट विरघळत नाही. ओकिनावात थायलंडच्या लांब तांदळाची ‘आवामोरी’ करतात, पण ती ऊर्ध्वपातनाने काढलेली दारू आहे. त्यातल्या त्यात इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ जवळचा. मात्र घरी मद्य आंबवणं आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा आहे, म्हणून प्रयोग कोजी आणि आमाझाकेपुरताच ठेवा. १ वाटी तांदळाचा मऊ भात ६० अंशांपर्यंत निवू द्या, तेवढ्याच वजनाची तयार कोजी मिसळा, आणि ५५ ते ६० अंशांवर आठ तास ठेवा. ७० च्या वर गेलात तर विकरं मरून गोडी येणारच नाही, ५० च्या खाली राहिलात तर आंबेल.